अनेक माध्यमे, एकच नजर
(सई परांजपे यांच्या कारकिर्दीचा एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला शाखा

अनेक कामे केलेल्या माणसासाठी आपल्या मराठीत दोन वाक्प्रयोग आहेत. कौतुक करायचे असेल तर आपण म्हणतो, ‘हा बारा गावचे पाणी प्यालेला आहे.’ नावे ठेवायची असतील तर म्हणतो, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ गंमत अशी की, माणूस तोच असतो आणि कामेही तीच असतात. फरक पडतो तो त्याला यश आले की नाही एवढ्याने. यश आले तर बहुरंगी कारकीर्द, नाही आले तर धरसोड. हा निवाडा मला नेहमीच उथळ वाटत आला आहे. माणसाने किती कामे केली यापेक्षा, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना त्याने बरोबर काय नेले, आणि त्याला ते नेता आले की नाही, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात मी श्रीमती सई परांजपे यांची कारकीर्द अभ्यासाला घेतली आहे.

सईबाईंना आपल्यापैकी बहुतेकजण ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ या चित्रपटांच्या दिग्दर्शिका म्हणून ओळखतात. परंतु चित्रपट हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. आकाशवाणीवरील निवेदिका, बालनाट्यांची लेखिका, दूरदर्शनवरील निर्माती, दूरचित्रपटांची दिग्दर्शिका, मराठी नाटककार, मालिकांची आणि माहितीपटांची दिग्दर्शिका, बालचित्र समितीची अध्यक्ष आणि आत्मकथनाची लेखिका अशा कितीतरी भूमिका त्यांनी एका आयुष्यात वठवल्या. यांपैकी दूरचित्रपट आणि दूरदर्शन या टप्प्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मला मात्र तोच टप्पा कळीचा वाटतो. म्हणून प्रथम त्या माध्यमाविषयी थोडेसे.

दूरचित्रपट : धाकट्या पडद्याची शिस्त

टेलिफिल्म म्हणजे दूरचित्रपट. चित्रपटगृहासाठी न काढता दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी काढलेली, एका बैठकीत संपणारी कथा. पुष्कळांना वाटते की पैसे कमी पडले म्हणजे चित्रपटाचा दूरचित्रपट होतो. तसे नाही. तो एक वेगळा प्रकार आहे आणि त्याची बंधने वेगळी आहेत. पडदा लहान, त्यामुळे दूरवरून टिपलेली भव्य दृश्ये तिथे मुंगीएवढी दिसतात. साहजिकच माणसाचा चेहरा हाच मुख्य देखावा होतो. प्रेक्षक अंधाऱ्या सभागृहात नसून घरात बसलेला असतो. मध्येच दार वाजते, कुकरची शिटी होते, लहान मूल रडते. अशा प्रेक्षकाला धरून ठेवायचे तर संवाद आणि आवाज यांवर भिस्त ठेवावी लागते. शिवाय प्रेक्षकाने तिकीट काढलेले नसते, त्यामुळे कंटाळा आला तर उठून जायला त्याला काही वाटत नाही. थोडक्यात, दूरचित्रपटाच्या दिग्दर्शकाला थोड्या जागेत, थोड्या पैशांत, थोड्या पात्रांत आणि अस्थिर प्रेक्षकासमोर आपले म्हणणे मांडायचे असते.

या बंधनांतून जगभर उत्तम काम झाले आहे. इंग्लंडमध्ये केन लोच यांनी १९६६ मध्ये बीबीसीसाठी ‘कॅथी कम होम’ हा दूरचित्रपट केला. घर गमावलेल्या एका कुटुंबाची ती कथा पाहून त्या देशात बेघरांच्या प्रश्नावर मोठी चर्चा झाली. अमेरिकेत स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे नाव प्रथम गाजले ते १९७१ च्या ‘ड्युएल’ या दूरचित्रपटामुळे. आपल्याकडे सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ मध्ये ‘सद्गती’ केला तो दूरदर्शनसाठी. विजया मेहता यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावर ‘स्मृतिचित्रे’ केला. गोविंद निहलानी यांचा ‘तमस’ १९८८ मध्ये घराघरांत पाहिला गेला. अशा या परंपरेत सईबाईंचे स्थान बरेच आधीचे आहे.

पूर्वतयारी : घर, ध्वनिक्षेपक आणि मुले

सई परांजपे यांचा जन्म १९३८ चा. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे म्हणजे केंब्रिज विद्यापीठात १८९९ मध्ये सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय. आई शकुंतला परांजपे यांनी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम त्या शब्दाचा उच्चारही लोकांना अवघड वाटे त्या काळात केले, ‘कुंकू’च्या हिंदी आवृत्तीत म्हणजे ‘दुनिया न माने’ मध्ये भूमिका केली, आणि पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. वडील रशियन चित्रकार. रँग्लर परांजपे ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर असताना सईबाईंच्या बालपणाचा काही काळ तिकडे गेला. ‘मुलांचा मेवा’ हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

हे वाचताना माझ्यासारख्या विद्यार्थिनीच्या मनात जो विचार येतो तो मी लपवून ठेवत नाही. ज्या घरात रँग्लर आजोबा असतात तिथल्या मुलीने पुस्तक लिहिले यात नवल ते काय? माझ्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. आमच्या घरी आठव्या वर्षी हातात येते ते बहुधा धाकट्या भावंडाचे बोट. हा फरक मोठा आहे आणि त्याच्याकडे डोळेझाक करून केलेला अभ्यास खोटा ठरेल. या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे. तूर्त एवढेच नोंदवते की अनुकूल घर मिळणे ही एक गोष्ट, आणि त्या अनुकूलतेचे काम करणे ही दुसरी.

सईबाईंच्या कामाची सुरुवात झाली ती पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर, निवेदिका म्हणून. तिथे त्यांनी मुलांचे कार्यक्रमही केले. आकाशवाणीत चेहरा नसतो, हातवारे नसतात. जे काही सांगायचे ते केवळ आवाजाने. मुले तर सर्वांत कठोर श्रोते. मोठी माणसे कंटाळली तरी सभ्यपणे बसून राहतात, मुले सरळ उठून खेळायला जातात. त्यामुळे मुलांसाठी लिहिणाऱ्याला पाल्हाळ परवडत नाही. याच सुमाराला पुण्यात त्या बालनाट्ये लिहू आणि बसवू लागल्या. ‘पत्तेनगरी’, ‘शेपटीचा शाप’, ‘झाली काय गंमत’ ही त्यांची बालनाट्ये त्या काळी गाजली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १९६३ मध्ये त्या तिथून पदवीधर झाल्या. इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली नाट्यविद्यालयाला शिस्त लागत होती तो हा काळ.

म्हणजे दूरदर्शनमध्ये जाण्यापूर्वी त्यांच्या गाठीशी तीन गोष्टी जमल्या होत्या : आकाशवाणीने तयार केलेला कान, मुलांनी शिकवलेला नेमकेपणा आणि नाट्यविद्यालयाने दिलेली नटांबरोबर काम करण्याची पद्धत.

दूरदर्शनची शाळा

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. रोजचे प्रक्षेपण सुरू व्हायला १९६५ साल उजाडले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक भाग होता, त्यानंतर दूरदर्शन वेगळे झाले. रंग आले ते १९८२ मध्ये. या तारखा देण्याचे कारण असे की, सईबाई दिल्लीच्या दूरचित्रवाणीत काम करू लागल्या तेव्हा हे माध्यम स्वतःच बाल्यावस्थेत होते. कोणी तज्ज्ञ नव्हते, ठरलेल्या वाटा नव्हत्या. आजचा कार्यक्रम नाटिकेचा, उद्याचा मुलांचा, परवाचा मुलाखतीचा. बरेचसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे, एखादे नेपथ्य, आणि घड्याळाचा काटा. नट अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून, अशी सोय तिथे नव्हती.

अशा ठिकाणी माणूस एकाच गोष्टीत पारंगत होऊन चालत नाही. लिहिणे, नट निवडणे, तालीम घेणे, कॅमेऱ्याच्या जागा ठरवणे, वेळ सांभाळणे ही सारी कामे एकाच व्यक्तीला येऊन पडतात. आज आपण ज्याला विविधता म्हणतो ती त्या काळी कामाची गरजच होती.

या उमेदवारीचे पहिले मोठे फळ म्हणजे १९७२ चा ‘द लिटल टी शॉप’ हा दूरचित्रपट. त्याला तेहरान येथे आशियाई प्रक्षेपण संघाचा पुरस्कार मिळाला. नावावरूनच विषय ध्यानात येतो : चहाचे एक लहानसे दुकान. मला या निवडीचे महत्त्व वाटते. पडदा लहान, पैसे थोडे, मग गोष्टही अशा जागेची निवडायची की जिथे माणसे आपोआप येतात, बसतात, बोलतात आणि निघून जातात. राजवाडा दाखवण्याची ऐपत नसेल तर टपरी दाखवावी. पण टपरीवर जे घडते ते राजवाड्यापेक्षा कमी नसते, हे दिसले पाहिजे. त्याच वर्षी मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा तेथील उद्घाटनाचा कार्यक्रम सादर करण्यासाठी सईबाईंची निवड झाली.

यानंतर बालचित्र समितीसाठी त्यांनी ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६) हे मुलांचे चित्रपट केले. पुढे दोन वेळा त्या या समितीच्या अध्यक्षही होत्या. म्हणजे पुण्याच्या आकाशवाणीवर सुरू झालेला मुलांचा धागा तुटला नव्हता, नुसते माध्यम बदलले होते.

मोठ्या पडद्यावर धाकट्या पडद्याचे संस्कार

सईबाईंच्या चित्रपटांकडे आपण स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहतो. पण ‘स्पर्श’ आणि ‘चश्मेबद्दूर’ या दोन्हींचे बीज त्यांनी आधी दूरदर्शनसाठी केलेल्या कामांत होते, ही गोष्ट ध्यानात घेतली की चित्र बदलते. धाकट्या पडद्यावर एकदा घासूनपुसून पाहिलेला विषय त्यांनी मोठ्या पडद्यावर नेला. शेतकरी जसा रोप आधी वाफ्यात वाढवतो आणि मग शेतात लावतो तसेच हे.

‘स्पर्श’ मध्ये नसीरुद्दीन शाह यांनी अंधशाळेच्या प्राचार्यांची भूमिका केली आहे आणि शबाना आझमी यांनी एका तरुण विधवेची. प्राचार्य रस्ता शोधत असतात डॉक्टरांच्या घराचा, आणि गाण्याचा आवाज ऐकून पोहोचतात तिच्या दाराशी. या प्रसंगाकडे मी दोन-तीनदा परत गेले. आंधळ्या नायकाची ओळख त्याच्या काठीने किंवा काळ्या चष्म्याने करून देणे सोपे होते. इथे ती कानाने होते. आकाशवाणीवर ज्यांचा कान घडला त्यांनाच हे सुचावे. चित्रपटाचा गाभा म्हणजे मदत आणि दया यांतला भेद. अंध मुलांना मदत हवी असते, कीव नको असते, हा त्या प्राचार्यांचा आग्रह. आणि गंमत म्हणजे हाच मानी माणूस पुढे आपल्यावरील प्रेमालाही दया समजून बसतो. चांगला विचारसुद्धा अती ताणला की माणसाला एकटे पाडतो, हे सईबाई कोणतेही भाषण न करता दाखवतात. १९७९ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘स्पर्श’ हा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. अभिनयासाठी नसीरुद्दीन शाह यांना आणि पटकथेसाठी सईबाईंनाही पुरस्कार मिळाला.

‘चश्मेबद्दूर’ (१९८१) हा याच्या अगदी उलट बाजाचा. दिल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारे तीन मित्र, उधारीवर सिगारेट देणारे लल्लनमियाँ, आणि ‘चमको’ नावाची कपडे धुण्याची पावडर दारोदार विकणारी मुलगी. तीन मित्रांपैकी दोघे तिच्याविषयी खोट्या बढाया मारतात आणि तिसऱ्याचे त्यामुळे नुकसान होते. या चित्रपटात खलनायक नाही. खोटे बोलणारे मित्रही वाईट नाहीत, नुसते उनाड आहेत. हिंदी चित्रपटांतल्या बागेतल्या गाण्यांची यात जी थट्टा आहे ती बोचरी नाही, खेळकर आहे. २०१३ मध्ये याच कथेवर नवा चित्रपट निघाला. त्याच दिवशी, म्हणजे ५ एप्रिल रोजी, हा जुना चित्रपटही स्वच्छ करून चित्रपटगृहांत पुन्हा लावण्यात आला. बत्तीस वर्षांनी.

‘कथा’ (१९८३) हा श्री. ग. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर आधारलेला. मुंबईच्या चाळीत राहणारा सरळमार्गी कारकून राजाराम हा कासव, आणि त्याच्याकडे पाहुणा म्हणून येऊन चाळीला मोहून टाकणारा बाशू हा ससा. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत कासव जिंकते. इथे शर्यत नेमकी कोणी जिंकली हे प्रेक्षकाला सहजासहजी ठरवता येत नाही. थापा मारणारा साहेबापर्यंत पोहोचतो आणि खालमानेने काम करणारा पाहत राहतो, हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही? ‘कथा’लाही सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तीनही चित्रपटांत मला एक समान गोष्ट दिसते, ती म्हणजे शेजार. अंधशाळेतला शेजार, भाड्याच्या खोलीतला शेजार, चाळीतला शेजार. त्यांच्या एका मराठी नाटकाचे नावच ‘सख्खे शेजारी’ आहे आणि दूरदर्शनवरील १९८४ च्या मालिकेचे नाव ‘अडोस पडोस’. मोजकी जागा, नेहमीची माणसे, कानावर पडणारे बोलणे. हे सारे धाकट्या पडद्याचेच संस्कार आहेत.

या गुणांबरोबर येणारी मर्यादाही सांगितली पाहिजे. सईबाईंच्या हसऱ्या जगात माणसे अडचणीत येतात, पण सहसा उघड्यावर पडत नाहीत. राजारामची नोकरी सुरक्षित आहे, चाळीचे छप्पर पक्के आहे. दिल्लीतले मित्र उधारी करतात, उपाशी राहत नाहीत. मध्यमवर्गाच्या ओट्यावरून दिसणारे हे जग आहे. ‘दिशा’ पाहीपर्यंत माझा असाच समज होता.

‘दिशा’ आणि आमचे घर

‘दिशा’ (१९९०) ही गावाकडून मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसांची कथा. नाना पाटेकर, ओम पुरी, रघुवीर यादव आणि शबाना आझमी यांच्या त्यात भूमिका आहेत. गावात एक भाऊ कोरड्या जमिनीत वर्षानुवर्षे विहीर खणत राहतो, लोक त्याला वेडा म्हणतात. दुसरा भाऊ पोटासाठी मुंबई गाठतो. मुंबईत एका खोलीत कितीतरी कामगार पाळीपाळीने झोपतात. एकाची पाळी सुटली की त्याच वळकटीच्या जागी दुसरा. तिकडे गावात बायका विड्या वळायच्या कारखान्यात जाऊ लागतात आणि घराची घडी बदलते. शेवट मी सांगत नाही, तो प्रत्येकाने पाहावा.

हा चित्रपट मी मोबाईलवर पाहिला आणि तो संपल्यावर आजोबांना फोन केला. आमचे मूळ गाव माण तालुक्यातले. आजोबा लालबागला गिरणीत होते आणि अशाच एका खोलीत राहत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आजोबा त्यांपैकी एक. संप रेंगाळला तसे ते गावी परतले ते कायमचेच. मी त्यांना खोलीत किती माणसे होती असे विचारले. ते म्हणाले, “मोजायला सगळी एका वेळेला जागी कधी असायची गं?” या एका वाक्यात मला ‘दिशा’चा अर्धा चित्रपट दिसला.

माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, वयाच्या अठराव्या वर्षी कांजूरमार्गला आले. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा तेव्हा कारखान्यांचे भोंगे वाजत. एका कारखान्यात ते हेल्पर म्हणून लागले आणि लेथ चालवायला शिकले. तो कारखाना बंद झाला. मग काही वर्षे दुसऱ्याची रिक्षा चालवली. मग कुरिअरची पाकिटे पोहोचवली. सध्या ते एका इमारतीत सुरक्षारक्षक आहेत. आईने पॅकिंगची कामे केली, आता ती पोळीभाजी केंद्रात जाते. मोजली तर आण्णांचीही चार कामे होतात. परंतु त्यांच्या आयुष्याला बहुरंगी कारकीर्द म्हणावे असे कोणाला सुचलेले नाही. आण्णांनाही नाही. मी पुढे काय करणार, तिसऱ्या वर्षाला कोणता विषय घेणार, असा विषय निघाला की ते एकच सांगतात : “पोरी, एक काय ते धर आन् धरून राहा.”

हे सांगण्यामागे अज्ञान नाही, अनुभव आहे. सईबाई आकाशवाणीतून दूरदर्शनमध्ये गेल्या तेव्हा त्यांचा आवाजाचा अभ्यास मोजला गेला. दूरदर्शनमधून चित्रपटात गेल्या तेव्हा त्यांच्या नाटिका कथांच्या रूपाने बरोबर आल्या. आण्णा कारखान्यातून रिक्षावर गेले तेव्हा लेथवरचा हात कोणी विचारला नाही. रिक्षातून इमारतीच्या दारावर गेले तेव्हा त्यांना ठाऊक असलेले रस्ते कामाचे राहिले नाहीत. प्रत्येक वेळी पाटी कोरी. ‘दिशा’तल्या शेतकऱ्याचेही हेच. जमीन, पाऊस, बियाणे यांविषयी त्याला असलेले ज्ञान गिरणीच्या दाराबाहेरच राहते.

माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष इथे आहे. विविधता ही आपोआप श्रीमंती होत नाही. मागच्या कामातले शहाणपण पुढच्या कामात नेता आले आणि पुढच्या माणसाने ते ओळखले, तरच विविधतेला कारकीर्द म्हणतात. नाहीतर ते नुसते विस्थापन असते. एकाने आपण होऊन वाट बदलावी आणि दुसऱ्याच्या पायाखालून वाट काढून घेतली जावी, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण आतून त्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. हे अंतर पुष्कळ अंशी घर, भाषा, ओळखी आणि चुकले तरी पोट भरेल याची खात्री यांवर अवलंबून असते. रँग्लर परांजप्यांच्या नातीला ही खात्री होती. सईबाईंच्या कष्टांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण त्यांच्या यशाचे गणित मांडताना ही राशी गाळून चालणार नाही.

आणि तरीही ज्या बाईंना ही खात्री जन्मतः मिळाली होती, त्यांनी ती नसलेल्या माणसांवर ‘दिशा’ काढला. पुढे १९९३ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी ‘चूडियाँ’ हा लघुपट केला, तो महाराष्ट्रातल्या एका खेड्यातील बायकांच्या दारूबंदीच्या लढ्यावर. त्याला सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘पपीहा’ (१९९३) मध्ये त्या जंगलाकडे वळल्या, ‘साज’ (१९९८) मध्ये दोन गायिका बहिणींच्या नात्याकडे. आपल्या ओट्यावरून त्या खाली उतरल्या. सर्वांनाच तसे उतरावेसे वाटते असे नाही.

आपण काय घ्यावे

मग आपल्यासारख्यांनी या कारकिर्दीतून काय घ्यावे? घर, आजोबा आणि परदेश आपण घेऊ शकत नाही. पण तीन गोष्टी घेता येतील असे मला वाटते, आणि त्या तिन्हींना भांडवल लागत नाही.

पहिली गोष्ट कानाची. सईबाईंच्या पात्रांचे बोलणे खरे वाटते कारण ते ऐकलेले असते. ऐकायला पैसे पडत नाहीत. कांजूरमार्गच्या पुलावर, सार्वजनिक नळावर, सकाळच्या लोकलमध्ये जेवढी भाषा कानावर पडते तेवढी कोणत्याही ग्रंथालयात नसेल. माणदेशी, कोकणी, भोजपुरी, तमिळ हेलांची मराठी आणि हिंदी आपल्या दारात उभी आहे. आपण तिला गर्दी म्हणून सोडून देतो.

दुसरी गोष्ट बंधनांची. साधने कमी आहेत म्हणून काम थांबवायचे नसते, साधनांच्या मापाचे काम निवडायचे असते. चहाच्या दुकानाची गोष्ट हा त्याचा धडा आहे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये जो कॅमेरा आहे तो १९७२ च्या स्टुडिओत कोणाच्या स्वप्नातही नसेल. उणीव आहे ती टपरीवरची गोष्ट ओळखणाऱ्या डोळ्याची.

तिसरी गोष्ट धाग्याची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सईबाईंनी ‘सय’ या नावाने मराठीत आत्मकथन लिहिले. पुढे २०२० मध्ये इंग्रजीत त्यांचे जे पुस्तक आले त्याच्या नावातच ‘पॅचवर्क क्विल्ट’ हे शब्द आहेत. पॅचवर्क क्विल्ट म्हणजे आमच्याकडची वाकळ. माझी आजी वाकळ शिवते तेव्हा तुकडे कोणाच्या धडप्याचे, कोणाच्या सदऱ्याचे, कोणाच्या परकराचे असे मिळतील तसे घेते. पण दोरा मात्र ती पारखून घेते. ती म्हणते, वाकळ फाटते ती चिंधीपाशी नाही, टाक्यापाशी. ‘भाराभर चिंध्या’ ही म्हण ज्याने केली त्याने चिंध्या पाहिल्या, टाके पाहिले नाहीत, असे मला वाटते. शेजारधर्माकडे पाहणारी एकच नजर हा सईबाईंचा दोरा होता, म्हणून आकाशवाणीपासून चित्रपटापर्यंतचे तुकडे एकमेकांना धरून राहिले. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले ते त्या सबंध वाकळेला मिळाले असे मी समजते.

आण्णा म्हणतात ते ‘एक काय ते धर’ हे वचन मी आता जरा वेगळ्या अर्थाने घेते. धरायचे ते एक काम नव्हे, एक दोरा. नोकऱ्या बदलतील. आपल्या पिढीला एका कंपनीत चाळीस वर्षे काढायला मिळणार नाहीत, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरून चालताना ते डोळ्यांनी दिसते. अशा वेळी प्रत्येक वळणावर आपली पाटी कोरी होऊ नये एवढी काळजी आपण घेतली पाहिजे. आणि आपल्यापैकी जे पुढे शिक्षक होतील, अधिकारी होतील, कामावर माणसे घेतील, त्यांनी समोरच्याला तू आजवर काय काय शिकलास हे एकदा तरी विचारावे. दारावरच्या वॉचमनला लेथ चालवता येत असेल, हे त्यांना कदाचित ठाऊक नसते.

तिसऱ्या वर्षासाठी मी मराठी हा विषय घेण्याचे ठरवले आहे. आण्णांना मी सांगितले की मी एक धरले आहे. काय धरले ते त्यांनी विचारले. मी म्हटले, “माणसे बोलतात ते नीट ऐकून लिहिणे.” ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग आमचं पन लिही कधीतरी.”

हा लेख म्हणजे त्याचा आरंभ समजावा.